डेमियन हाउसची निशा

वडगाव शेरी, पुणे
१४ जुलै २०२४

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. मी दीपमाला जगदाळे. नव्याण्णवची दहावी, फादर डेमियन हाउस, तुमच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारी. सगळ्या शाळेत बाकीच्या शिक्षिका 'मिस' आणि मराठी शिकवणाऱ्या तुम्ही तेवढ्या 'बाई', हे आठवलं आणि पत्राचा मायना आपोआप आला. तुमचा श्रीरामपूरचा पत्ता ऑफिसातून मिळवला. फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही असं कळलं, म्हणून कागद घेतला.

गेली सहा वर्षं मी आपल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आणि या जूनपासून मला आपल्या हाउसची हाउस मिस्ट्रेस केलंय! तुम्ही हाउस सोडलंत त्याला सोळा वर्षं झाली, पण अजून जुने शिपाई 'पाटोळेबाईंचं हाउस'च म्हणतात. आता ते सेंट डेमियन हाउस आहे. टाय मात्र तोच, पिवळा.

आमचा हाउस डे परवा झाला. खरं तर डेमियनचा सण मे महिन्यात, पण तेव्हा सुट्टी, म्हणून आम्ही जुलैत करतो. मी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. कुष्ठरोग झालेल्या माणसांना लोक हवाईमधल्या मोलोकाई बेटावर नेऊन टाकत, हे बेल्जियमचे फादर आपणहून तिथे गेले, त्यांच्यात सोळा वर्षं राहिले, शेवटी तोच रोग होऊन तिथेच वारले.  मग सगळ्यांनी हातात मेणबत्त्या घेऊन प्रार्थना म्हटली.

त्यात एक गंमत झाली ती सांगते. निशा गव्हाणे म्हणून नववीतली मुलगी आहे, वाघोलीची. हाउसचा मुख्य ड्रम तिच्याकडे. (दुसरा माझ्या मुलीकडे, शेफालीकडे. दोघी एका वर्गात, एका बाकावर.) मेणबत्तीचं गरम मेण ओघळून निशाच्या करंगळीवर पडत होतं. बाकीची मुलं हात झटकत होती, ही जागची हलली नाही. नंतर मी विचारलं, "अगं, भाजलं नाही का?" तर म्हणते, "काय मिस?" चांगला फोड आला होता बाई! मी सगळ्या हाउससमोर तिला उभं केलं आणि म्हटलं, याला म्हणतात एकाग्रता.

तुम्ही पंच्याण्णव साली हट्टाने हे नाव दिलंत असं ऐकलंय. का, ते चार ओळींत लिहून पाठवाल? असेंब्लीत वाचून दाखवीन.

तुमची,
दीपमाला

*

श्रीरामपूर
१९ जुलै २०२४

चि. दीपमाला,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर तेव्हाही वाईट होतं.

नाव का दिलं ते नंतर. आधी त्या मुलीचा हात बघ. भाजलेलं न कळणं ही एकाग्रता नव्हे. तू विज्ञान शिकवतेस ना?

तिला एकटीला बाजूला घे. कोपरापासून करंगळीपर्यंत आणि पाठीवर फिकट, कोरडा, घाम न येणारा डाग आहे का पाहा. तिला डोळे मिटायला सांग आणि कापसाचं टोक डागावरून फिरव. कुठे लागलं ते तिला बोटाने दाखवता आलं नाही, तर त्याच आठवड्यात आईला बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडे जा. घाबरवू नकोस. गोळ्या असतात, फुकट असतात, पूर्ण बरं होतं.

आईला सांग. आणखी कुणालाही नाही. ऑफिसात नाही, स्टाफरूममध्ये नाही, घरी नवऱ्याला नाही.

मला हे कसं सुचलं असं विचारू नकोस.

सुशीला पाटोळे

*

वडगाव शेरी, पुणे
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

तुमचं खरं निघालं. 

कापूस फिरवला तेव्हा निशा डोळे मिटून हसत उभी होती. "मिस, सुरू करा ना," म्हणाली. मी तेव्हा तिसऱ्यांदा फिरवत होते.

तिच्या आईला, आनंदीबाईंना, बोलावून घेतलं आणि शुक्रवारी तिघी दवाखान्यात गेलो. पाठीवर आणि दंडावर मिळून सात डाग. डॉक्टरांनी कोपराच्या आतली शीर चाचपली, म्हणाले, ही जाड झालीय. कुष्ठरोग. शब्द उच्चारल्याबरोबर आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "मावशी, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. आता पहिला डोस माझ्यासमोर घेतला की हिच्यापासून कुणाला लागायची भीती जवळजवळ संपली. शाळा बुडवू नका." फक्त कातडी जरा काळवंडेल, लघवी लाल होईल, त्याला घाबरू नका म्हणाले.

बाहेर आल्यावर आनंदीबाईंनी एकच विचारलं, "मॅडम, कुणाला कळंल का?" मोठ्या मुलीचं लग्न ठरत आलंय. वडील सर्जेराव वाघोलीत नावाजलेले, घराणं मोठं. मी त्यांचा हात धरून शब्द दिला की माझ्या तोंडून हे जाणार नाही.

निशाला सगळं सांगितलं. ती नववीत आहे, तिच्यापासून काय लपवायचं? म्हणाली, "मिस, म्हणजे डेमियनला झाला तोच?" मी हो म्हटलं.  रिक्षात बसताना म्हणाली, "पण त्यांच्या वेळी गोळ्या नव्हत्या."

कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही काळजी करू नका.

दीपमाला

*

श्रीरामपूर
२२ ऑगस्ट २०२४

चि. दीपमाला,

तू हे केलंस, बरं केलंस. फार बरं केलंस. हे वाक्य मी शाळेत कुणाला लिहिल्याचं आठवत नाही, जपून ठेव.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव आणि त्या मायलेकींनाही सांग. गोळ्या चालू असतानासुद्धा मध्येच कोपर दुखायला लागतं, हाताला मुंग्या येतात, करंगळीतली ताकद जाते. डाग लाल होऊन सुजतात. लोकांना वाटतं औषध बाधलं आणि ते गोळ्या बंद करतात. तसं करायचं नाही. ती शिरेची सूज असते. त्याच दिवशी दवाखाना. वेगळं औषध देतात, हात वाचतो. उशीर केला तर रोग जातो आणि हात तसाच राहतो, वाकडा.

गोळ्यांचं रिकामं पाकीट दर महिन्याला डोळ्यांनी बघ.

आणखी एक. ती अजून शेफालीच्याच शेजारी बसते का? डबा कुणाबरोबर खाते? याचं उत्तर तू मागच्या पत्रात आपण होऊन द्यायला हवं होतंस.

सुशीला पाटोळे

*

वडगाव शेरी, पुणे
२९ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. इथे सगळं विस्कटलंय.

गणपतीच्या सुट्टीनंतर नववीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की वर्गात एका मुलीला 'तो' आजार आहे आणि शाळा लपवतेय. नाव नव्हतं. संध्याकाळपर्यंत नाव होतं. दुसऱ्या दिवशी वर्गातली अकरा मुलं आली नाहीत, तिसऱ्या दिवशी एकवीस. निशाची कातडी गोळ्यांनी काळवंडली होती, त्यावरून मुलींनी आधीच काहीबाही विचारलं होतं.

कसं फुटलं कुणास ठाऊक. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं असेल.

पालकांची मीटिंग झाली. मी डॉक्टरांचं सर्टिफिकेट वाचून दाखवलं. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सायन्स आम्हालाही कळतं. तुमच्या मुलीला बसवा ना मग तिच्या शेजारी." लोक हसले. बाई, शेफालीची जागा मी ऑगस्टमध्येच बदलून घेतली होती. वर्गशिक्षिकेला सांगितलं होतं की तिला फळा नीट दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

प्रिन्सिपल सिस्टरनी सर्जेरावांना बोलावलं. मी होते तिथे. सिस्टर अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "आम्ही तिला काढत नाही, मिस्टर गव्हाणे. आम्ही फक्त विनंती करतोय. थोडे महिने घरी अभ्यास करू दे, परीक्षेला वेगळ्या खोलीत बसवू." सर्जेरावांनी टेबलावरच्या क्रॉसकडे पाहिलं. मग म्हणाले, "वेगळ्या खोलीत कशाला? दाखलाच द्या."

दाखला तयार झाला असेल म्हणून तासाभराने मी परत आले, तर निशा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून उठली. टाय काढून घडी करून हातात धरला होता. म्हणाली, "मिस, टाय परत द्यायचा असतो का?" मी म्हटलं, नाही गं, तुझाच आहे. तिने तो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आणि वडिलांच्या मागून गेली. ती गेल्यावर अर्ध्या तासात शिपायांनी तो बाक फिनेलने धुतला.

ड्रम आता आठवीतला विश्वजीत वाजवतो.

दीपमाला

*

श्रीरामपूर
८ ऑक्टोबर २०२४

दीपमाला,

तू विचारलं होतंस नाव का दिलं. आता लिहिते. असेंब्लीत वाचू नकोस; म्हणजे वाचायची तुझी छाती असेल तर वाच.

माझे आईवडील दोघेही कुष्ठरोगी होते. मी वसाहतीत जन्मले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे दोन वर्षांची असताना मला आईपासून काढून मिशनच्या बालगृहात ठेवलं, म्हणजे मला रोग लागू नये. रविवारी तारेच्या कुंपणाच्या अलीकडून भेट. आई पलीकडे बसायची. तिला बोटं नव्हती, म्हणून ती मला बोलावताना हात हलवायची नाही, मान हलवायची. चुलीवरचं भांडं वडील नुसत्या हाताने उचलत, त्यांना कळायचं नाही. भाजलेलं न कळणारा हात मी लहानपणापासून ओळखते. तुझं पहिलं पत्र वाचून मी तासभर खुर्चीतून उठले नाही.

शाळेत नोकरी धरली तेव्हा अर्जात लिहिलं, आईवडील हयात नाहीत. दोघंही हयात होते. आई एकोणनव्वदला गेली. मी रजेच्या अर्जात 'नातेवाइकाचं निधन' लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी वर्गावर उभी राहिले. तीस वर्षांत स्टाफरूममधल्या एकालाही कळलं नाही. त्यानंतर पंच्याण्णवला पोपनी फादर डेमियनना 'धन्य' जाहीर केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी, तेव्हा मी हट्ट धरला की पिवळ्या हाउसला हेच नाव पाहिजे. तेव्हाचे प्रिन्सिपल फादर म्हणाले, "सुशीलाबाई, एखादा बरा संत बघा ना, मुलांना भीती वाटेल." मी ऐकलं नाही. मला वाटलं, दर सोमवारी शंभर मुलं ते नाव घेतील, म्हणजे माझ्या आईचं काहीतरी फिटेल. आईचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नाही. सगुणा.

तेव्हा उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण एक प्रश्न विचारायचा आहे. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं असतं, तर ते वाघोलीत फुटलं असतं. शाळेच्या ग्रुपवर कसं फुटलं?

कुणी सांगितलं, दीपमाला?

सुशीला पाटोळे

*

वडगाव शेरी, पुणे
३ नोव्हेंबर २०२४

बाई,

मी.

दवाखान्यातून शुक्रवारी दुपारी परत आले, निशाला आणि तिच्या आईला रिक्षात बसवलं, आणि सरळ ऑफिसात जाऊन प्रिन्सिपल सिस्टरना लेखी कळवलं. मुलीचं नाव, इयत्ता, आजाराचं नाव. खाली माझी सही. मग शेफालीला वर्गातून बोलावलं आणि त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मॅडम, सकाळी मी सांगितलं ते तुम्ही ऐकलं होतं ना?" तिला काही नव्हतं. तुम्हाला अकरा ऑगस्टचं पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं होऊन दोन दिवस झाले होते.

दोघी एकाच काड्यांनी ड्रम वाजवायच्या, एकाच बाटलीतून पाणी प्यायच्या. मी पाठ्यपुस्तकातलं सगळं विसरले. मी फक्त एवढंच बघत होते की उद्या काही झालं, तर मला माहीत असून मी गप्प बसले असं व्हायला नको. कागदावर माझं नाव स्वच्छ राहायला हवं होतं. तो कागद ऑफिसात टेबलावर राहिला, कुणी वाचला, कुणी फोटो काढला, मला माहीत नाही. काय फरक पडतो?

शेफालीला कळलंय. निशा शाळेतून गेल्यावर ग्रुपवर तो फोटोही फिरला, त्यातली सही तिने ओळखली. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. हाउस बदलून द्या म्हणाली.

दिवाळीत मी वाघोलीला जाऊन आले. आनंदीबाई बाहेर आल्याच नाहीत. निशाची आजी, सरुबाई, ओसरीवर बसली होती. म्हणाली, "पोरगी हितं न्हाय. मामाकडं धाडलीया, शिरूरच्या अंगाला." मी विचारलं, गोळ्या? आजी म्हणाली, "ती दवाखान्याची आशाताई आली व्हती, घर मोजाया. मग शेजारच्यांचं हात-पाठ तपासाया लागली. समद्या आळीला कळलं, कुणापायी ते. सुनंनं तिला सांगितलं, आमचं खाजगी डॉक्टरकडं चालू हाय, परत येऊ नगं." मग म्हणाली, "खाजगी-बिजगी काय न्हाय बाई. लगीन मोडलं थोरलीचं."

म्हणजे सप्टेंबरनंतर पाकीट आणलेलंच नाही.

मला रागवा, काहीही लिहा.

दीपमाला

*

श्रीरामपूर
९ नोव्हेंबर २०२४

दीपमाला,

रागवायला नंतर वेळ आहे. मामाचा पत्ता काढ आणि हे पत्र मिळेल त्या दिवशी शिरूरला जा. गोळ्या बंद झाल्यात, शीर जाड आहे. कोपर दुखतं का विचार. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवता येतात का बघ. दुखत असेल तर तिथून थेट दवाखाना. आईने नाही म्हटलं तर पाया पड. दार लावलं तर दारात बस.

मी या वयात एकटी एसटीने येऊ शकत नाही, नाहीतर तुला सांगितलं नसतं.

ताबडतोब जा.

सु. पा.

*

वडगाव शेरी, पुणे
५ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मला तेरा नोव्हेंबरला मिळालं. मी अठ्ठावीस डिसेंबरला गेले.

मध्ये काय होतं ते लिहिते, तुम्ही समजून घ्याल म्हणून नाही. आधी सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग स्पोर्ट्स डे, रोज संचलनाची तालीम. आपलं हाउस पहिलं आलं, शील्ड मिळालं. हे सगळं खरं आहे, आणि यातलं एकही कारण नाही. मला त्या मुलीसमोर उभं राहायचं नव्हतं. रोज वाटायचं, पुढच्या रविवारी.

मामांचं घर रस्त्यापासून आत आहे. निशा अंगणात चुलीवर पाणी तापवत होती. मला बघून उठली, "मिस," म्हणाली. ओढणी उजव्या हातावरून घेतली होती. मी म्हटलं, हात दाखव. तिने दाखवला. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली होती, सरळ होत नव्हती. अंगठ्याजवळचं मांस बसलं होतं. तळहाताला दोन जुने चटके. मी माझं पेन तिच्या हातात दिलं, ते घसरून पडलं. दुसऱ्यांदा दिलं. ती म्हणाली, "राहू द्या, मिस."

दुखायला कधी लागलं? "दिवाळीच्या आधी. खूप दुखायचं. मामी बाम चोळायची. आता दुखत नाही."

मामा चांगला माणूस. एक शब्द न विचारता त्यांनी जीप काढली. आनंदीबाईंना फोन केला, त्या थेट दवाखान्यात आल्या. तेच डॉक्टर. त्यांनी बोटं वाकवून पाहिली, कोपर दाबलं, वही उघडून तारखा लिहिल्या. म्हणाले, "नोव्हेंबरच्या मध्याला जरी आणलं असतं ना, तर बहुतेक सगळं परत मिळालं असतं. आता स्टेरॉइड देतो. थोडंफार येईल. बोटांचं ऑपरेशन पुढे बघू." आनंदीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. 

नोव्हेंबरचा मध्य, बाई. तेरा तारीख.

गोळ्या परत सुरू झाल्यात. निशा मामाकडेच राहणार आहे. दवाखान्यात येताना जीपमध्ये ती पुढे बसली होती, मी मागे. सगळा रस्ता तिने मला काही विचारलं नाही, काही दोष दिला नाही. मला वाटतं तिला अजून माहीत नाही की ते मी कळवलं. तिला सांगायला हवं का? मला वाटतं तिच्या मनात एका तरी माणसाबद्दल चांगलं राहू द्यावं. तुम्ही म्हणाल तसं करीन.

हाउस मिस्ट्रेसपणाचा राजीनामा दिलाय. सिस्टर म्हणाल्या, वर्ष संपेपर्यंत थांबा, बरं दिसणार नाही.

दीपमाला

*

श्रीरामपूर
२१ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

मी निशाला पत्र लिहिलं होतं. माझी सगळी हकिकत, आईच्या नावासकट. तिच्या मामांचा पत्ता सरुबाईंकडून मागवला. तिचं उत्तर परवा आलं. दोन दिवस मी ते उशीखाली ठेवलं. तुला पाठवू नये असं फार वाटलं. पण लपवून ठेवण्याने कुणाचं भलं होतं हे मी आयुष्यभर करून पाहिलंय. भलं फक्त लपवणाऱ्याचं होतं, आणि तेही काही दिवस.

शाळेलाही मी लिहिलं आहे. मी कोण, माझे आईवडील कोण, आणि हाउसचं नाव काढून टाका, पुन्हा नुसतं पिवळं हाउस म्हणा, अशी विनंती. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

निशाचं पत्र सोबत आहे. बसून वाच.

सुशीला पाटोळे

*

(सोबतचं पत्र)

१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सुशीलाबाई,

नमस्कार. तुमचं पत्र मामांनी मला दिलं. मी ते तीनदा वाचलं. मग आईला दिलं, आईने सरुआजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, त्या बाईला म्हणावं इथे येऊन राहा चार दिवस.

मी बरी आहे. गोळ्या रोज घेते. फिजिओच्या ताईंनी तेल लावून बोटं ताणायला शिकवलंय. करंगळी थोडी हलते. डाव्या हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर असं आहे. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणार. लेखनिक मिळतो म्हणतात, पण मला स्वतः लिहायचंय.

तुम्ही विचारलंत की मला मिसचा राग येतो का. तुम्ही लिहिलं की त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला माहीत होतं. दाखला घ्यायला गेलो तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी पप्पांना त्यांचं पत्र दाखवलं होतं, की बघा, आम्ही नाही, तुमच्याच टीचरनी लिहून दिलंय. पप्पांना इंग्लिश नीट येत नाही. मी वाचून मराठीत सांगितलं त्यांना. खालची सही पण.

त्या दिवशी मिस बाहेर मला भेटल्या तेव्हा मी ते वाचून बाहेर आले होते.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आईला पण नाही. पहिल्या दिवशी दवाखान्यात मिसनी मला त्यांचा मोबाइल नंबर लिहून दिला होता. नंतर शाळेत एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, कोपर दुखलं तर कितीही वाजले असू देत, मला फोन कर, मी येते. नंबर मला पाठ होता, अजून आहे. दिवाळीच्या आधी दुखायला लागलं तेव्हा मामीचा फोन खुंटीलाच चार्जिंगला असायचा. मला कळत होतं की हेच ते दुखणं. दोनदा नंबर लावला आणि कट केला. मला वाटलं, त्यांना सांगितलं की त्या परत लिहून देतील कुणालातरी. इथे गावात पण कळेल. मग मामींना पण घर सोडावं लागेल. म्हणून नाही केला. मग दुखायचं थांबलं.

मिस आल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं. मला पण येत होतं, पण मी पुढे बसले.

मला त्यांचा राग येत नाही असं लिहिणार होते. शाळेत निबंधात शेवटी असंच चांगलं लिहायचो आम्ही. पण तुम्ही तुमच्या आईचं खरं लिहिलंत, म्हणून मी पण खरं लिहिते. राग येतो. सकाळी वेणी घालताना जास्त येतो.

त्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
निशा सर्जेराव गव्हाणे